आयसोलेटची अडकलेली रिंग : जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्याचा फोकस घरच्या घरी कसा मोकळा करावा

आजोबांच्या ट्रंकेतून निघालेल्या आग्फा आयसोलेटची फोकसची रिंग मी पहिल्यांदा पक्कड लावून फिरवली. रिंगभोवती रुमाल गुंडाळला होता, एवढीच काय ती अक्कल. तिसऱ्या हिसक्याला कट्‌ असा आवाज आला आणि रिंग अलगद फिरू लागली. घरात सगळ्यांना फिरवून दाखवली. मग रोल टाकला, दारव्ह्याला शकुंतला रेल्वेच्या ओस पडलेल्या स्टेशनावर जाऊन बारा फोटो काढले आणि रोल कुरिअरनं धुवायला पाठवला. तीन आठवड्यांनी निगेटिव्ह आल्या. बाराच्या बारा धुक्यातल्यासारख्या. जवळचं धड नाही, लांबचंही धड नाही.

दोष लेन्सचा नव्हता, रोलचाही नव्हता. जे आटे फिरायला हवे होते ते चिकटलेलेच राहिले होते, आणि ज्यांनी जागचं हलायचंच नाही ते आटे मी ढिले करून ठेवले होते. त्यानंतर याच जातीच्या चार-पाच कॅमेऱ्यांवर हात बसला. खाली लिहितो ती पद्धत तिथून आली आहे. दोन तासांचं हातकाम आणि आठवडाभराची वाट पाहणं, असा साधारण हिशेब धरा.

आत काय असतं

आयसोलेट २ हा १९५० च्या दशकातला, म्युनिकच्या आग्फा कारखान्यातला कॅमेरा. त्यात १२० चा रोल बसतो आणि ६ बाय ६ सेंटिमीटरच्या बारा चौकटी निघतात. (सेवाग्रामला कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले त्या रोलीफ्लेक्समध्येही हाच रोल. बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांत तो कॅमेरा आणि रोल आले होते. आज एवढ्यात रोलचं खोकंही येणार नाही.)

कॅमेरा उघडला की भाता ताणला जातो आणि पुढे शटर उभं राहतं. शटरच्या पुढे दोन भिंगं आणि मागे एक, अशी तीन भिंगांची ८५ मिलिमीटर, एफ ४.५ ची लेन्स. तिच्यावर आग्नार किंवा अपोटार असं नाव कोरलेलं असतं. फोकस करताना ही अख्खी लेन्स पुढे-मागे होत नाही, फक्त सगळ्यात पुढचं भिंग होतं. ते बाहेर आलं की जवळचं स्पष्ट दिसतं, आत गेलं की लांबचं.

शटरच्या तोंडात पितळेची एक वाटी आट्यांवर घट्ट बसवलेली असते, तिच्यात दुसरं भिंग. तिला मी मधली वाटी म्हणतो. तिच्यात जाड आट्यांवर दुसरी पितळी वाटी फिरते, पहिल्या भिंगाची. ही पुढची वाटी. या पुढच्या वाटीवर अॅल्युमिनियमची रिंग टोपीसारखी चढवलेली असते, तिच्यावर अंतराचे आकडे कोरलेले. रिंगच्या कडेला तीन बारीक, बिनडोक्याचे स्क्रू असतात, आणि रिंग वाटीवर फक्त त्यांच्या दाबानं बसलेली असते.

पुढच्या आणि मधल्या वाटीच्या आट्यांत कारखान्यानं जे ग्रीस भरलं ते काळाच्या ओघात वाळलं, पितळेतल्या तांब्याशी त्याची प्रक्रिया झाली आणि हिरवट, लाखेसारखं कडक झालं. दोन वाट्यांची एक वाटी झाली. आता रिंगला जोर लावला की जो सांधा त्यातल्या त्यात कच्चा तो सुटतो, आणि तो असतो मधली वाटी आणि शटर यांच्यातला. मग दोन्ही भिंगं जोडीनं बाहेर येतात, त्यांच्यामधलं अंतर जराही बदलत नाही आणि लेन्सचं सगळं गणित बिघडतं.

त्सैसचा नेटार, फोक्टलेंडरचा पेर्केओ या फोल्डिंग कॅमेऱ्यांचीही मांडणी साधारण अशीच असते, तिथेही ही पद्धत चालते. ज्या कॅमेऱ्यात रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायची खिडकी, लेन्सशी जोडलेला आहे त्यावर मात्र पहिला हात मारू नका.

आधी खात्री करा

बारीक टोकाच्या मार्करनं एका रेषेत तीन ठिपके द्या : रिंगवर, पुढच्या वाटीच्या कडेवर आणि बाजूनं वाकून पाहिलं तर जी मधली वाटी दिसते तिच्यावर. चौथा ठिपका शटरच्या तोंडावर. आता रिंग हातानंच, जेवढी फिरेल तेवढी फिरवा. मधल्या वाटीचा ठिपका जागेवर राहिला तर तुमचं नशीब चांगलं, नुसतं ग्रीस घट्ट झालंय. मधला ठिपकाही सरकला, तर तुमच्या आधी कोणीतरी पक्कड लावून गेलंय. रिंग हलतच नसेल तर तिथेच थांबा, हा लेख तुमच्यासाठीच आहे.

याच वेळी भात्याकडेही बघा. आग्फाचे भाते कोपऱ्यांवर फुटण्यासाठी बदनाम आहेत. रात्री दिवे बंद करून मोबाईलची टॉर्च आत धरा, कॅमेरा सगळ्या बाजूंनी फिरवा. भाता चाळणीसारखा चमकला तर आधी त्याचं काहीतरी बघा. फोकससाठी आठवडा घालवून वर प्रकाशाचे डाग पडलेले फोटो बघायचे, हा अनुभव मी घेऊन झालोय.

सामान

घड्याळवाल्यांचे बारीक स्क्रूड्रायव्हर लागतात, त्यातलं साधारण एक मिलिमीटरचं पातं कामाला येतं. पातं खाचेत घट्ट बसलं पाहिजे; सैल पातं पहिल्याच फेरीत खाच खाऊन टाकतं. भिंग डोळ्याला लावायचं, घड्याळवाल्यांचंच, दहापट मोठं दाखवणारं. लायटरमध्ये भरतात ते फ्लुइड किंवा घड्याळवाले वापरतात ते पांढरं पेट्रोल. पंपावरचं पेट्रोल नको, त्यात इथेनॉल असतं आणि सुकल्यावर डाग राहतो. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपाइल अल्कोहोलची बाटली असते. काच पुसायला ती बरी, पण या ग्रीसपुढे तिचं काही चालत नाही.

बाकी सगळं गावातच मिळतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन पट्टे, दात घासायचा जुना ब्रश, टूथपिक, शिवणाचा जाड दोरा, घट्ट झाकणाची काचेची बाटली, आणि सुताराकडून सागवानाचा एक तुकडा. त्याचं काम पुढे सांगतो. हेअर ड्रायर घरात नसला तर शेजारी विचारा, लग्न झालेलं घर असलं की असतो.

रिंग काढणे

भरपूर उजेडात, पांढऱ्या कापडावर बसा. खाली पडलेला स्क्रू गालिच्यात किंवा शेणानं सारवलेल्या जमिनीत सापडत नाही. मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा, आणि रिंगवरचा अनंताचा (अगदी लांबच्या अंतराचा) आकडा, म्हणजे आडवा पाडलेला इंग्रजी आठ, कुठे येतो तेही टिपून घ्या. शटर कॉक केलेलं, म्हणजे चाप ताणून ठेवलेलं, नसावं आणि बंद असावं. शटरला सेल्फ टायमर असेल तर त्याला हातच लावू नका. तो अर्ध्यात अडकला की शटरही अडकवतो.

तीनही बारीक स्क्रूंवर टूथपिकच्या टोकानं फ्लुइडचा एकेक थेंब ठेवा, दहा मिनिटं थांबा. मग प्रत्येक स्क्रू अर्धा-पाऊण फेरा सैल करा. पूर्ण काढू नका! ते तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतात आणि पुन्हा बसवताना जीव जातो. तिघं सैल झाले की रिंग वर उचलली जाते. नाही उचलली तर स्क्रू आणखी पाव फेरा सोडा, पण स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटू नका. अॅल्युमिनियम वाकलं की त्यावर इलाज नाही.

रिंग निघाली की आता चिकटलेली दोन वाट्यांची जोडी दिसते. ही जोडी शटरपासून सोडवायची. आधी आपण जे टाळत होतो तेच आता मुद्दाम करायचं, कारण पेट्रोल शटरमध्ये उतरू द्यायचं नाही. समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा, फेरे मोजा आणि वहीत लिहा. वाटीखाली पातळ पितळी चकती असली तर ती तशीच जपून ठेवा. जोडी निघाली की शटरच्या तोंडावर स्वच्छ कागद चिकटपट्टीनं लावा. उघडं शटर म्हणजे धुळीला आवतण, आणि आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत काय काय उडत असतं ते वेगळं सांगायला नको.

भिजत घालणे

काचेच्या बाटलीत जोडी ठेवा, ती बुडेल एवढं फ्लुइड घाला, झाकण लावा आणि विसरा. बाटली चुलीपासून, गॅसपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. आग्नार-अपोटारमधली तीनही भिंगं सुटी आहेत, बाल्सम नावाच्या डिंकानं चिकटवलेलं भिंग त्यांत नाही, म्हणून भिजवायला हरकत नाही. चार भिंगांचा सोलिनार असेल तर त्यातली चिकटवलेली जोडी शटरच्या मागे असते, ती आपण काढलेलीच नाही. अॅसिटोन मात्र टाळा, भिंगाच्या कडेचा काळा रंग त्यात विरघळतो.

पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळी दुसऱ्याच दिवशी मला धीर निघेना. जोडी खिशात घालून बाजारातल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. म्हटलं, तुमच्याकडे मोठी पक्कड आहे का? त्यांनी ती जोडी डोळ्याला भिंग लावून फिरवून पाहिली आणि परत माझ्या हातावर ठेवली. ‘‘जोर कायले लावतं बाप्पा? चार दिस पेट्रोल पिऊ दे त्याले, मंग बोल.’’ पैसे घेतले नाहीत. पक्कडही दिली नाही.

चार दिवस म्हणजे खरोखर चार दिवस. फ्लुइड पिवळट-हिरवं झालं की बदला. चौथ्या दिवशी जोडी बाहेर काढा, मोकळ्या हवेत तासभर पूर्ण सुकू द्या, वास जाईपर्यंत. ओली असताना तापवलीत तर भडका उडेल, इथे चूक नको. मग हेअर ड्रायरनं चार-पाच मिनिटं, हाताला चटका जाणवेल पण धरता येईल इतपत गरम करा. मेणबत्ती, गॅस, सोल्डरिंगची इस्त्री यांतलं काही नको, काच तडकते.

आता सागवानाचा तुकडा. पाऊण इंच जाड फळीला मधल्या वाटीच्या बाहेरच्या मापाचं भोक पाडायचं आणि भोकाच्या बरोबर मधून फळी करवतीनं चिरायची. झाले दोन अर्धगोल जबडे. त्यात मधली वाटी धरली की दाब सगळ्या बाजूंनी सारखा पडतो. ही वाटी पातळ पितळेची असते, नुसत्या पक्कडीत दाबली की अंडाकृती होते, आणि अंडाकृती वाटीत गोल वाटी परत कधीच फिरत नाही. माझा दुसरा कॅमेरा असाच गेला, त्याचे स्क्रू अजून कामाला येतात.

पुढच्या वाटीच्या कडेला ट्यूबचा पट्टा ताणून गुंडाळा. लाकडी जबडा डाव्या हातात दाबून, उजव्या हातानं पुढची वाटी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा प्रयत्न करा, मग लगेच उलटा. पुढे-मागे, पुढे-मागे. एकाच दिशेनं जोर काढू नका. ट्यूब घसरली तर समजा अजून वेळ आहे : परत बाटलीत, परत दोन दिवस. एका अपोटारनं माझे अकरा दिवस खाल्ले. सुटताना झटका बसत नाही, आधी हाताला खडखड लागते, मग अंगठ्याखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटतं, जसं जुन्या लोणच्याच्या बरणीचं झाकण सुटतं.

हलायला लागली की घाई सोडा. अगदी हळू फिरवत बाहेर काढा आणि ज्या क्षणी आटे सुटून वाटी हातात येते त्या क्षणी दोन्ही वाट्यांवर समोरासमोर सुईनं बारीक ओरखडा काढा. या जाड आट्यांना बहुधा एकाहून जास्त सुरुवाती असतात आणि वाटी निरनिराळ्या ठिकाणी आत शिरू शकते. रिंग स्क्रूंच्या दाबावर बसते म्हणून खूण चुकली तरी शेवटी फोकस जुळवता येतो, पण खूण असली तर अर्धा तास आणि बरीच चिडचिड वाचते. काही कॅमेऱ्यांत रिंग खिळीनं एकाच जागी बसते. तिथे ही खूण नसेल तर खरंच फसाल.

धुणे आणि ग्रीस

आट्यांतलं हिरवं ग्रीस टूथपिकनं खरवडा, फ्लुइडमध्ये बुडवलेल्या ब्रशनं घासा. शेवटचं जे खोलात राहतं त्यासाठी शिवणाचा दोरा फ्लुइडमध्ये भिजवून आट्याच्या खोबणीत गुंडाळायचा आणि दोन्ही टोकं धरून, पाठ चोळतो तसा ओढायचा. दोरा हिरवा निघतो. दुसरा दोरा घ्या, तो कमी हिरवा निघेल. पांढरा निघेपर्यंत हेच. धातूची सुई आट्यांत घालू नका.

भिंगांचं काम थोडक्यात. आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग कापसाला अल्कोहोल लावून मधून कडेकडे एकदाच फिरवा. निळसर झाक दिसते तो लेन्सवरचा थर आहे, डाग समजून घासू नका. पावसाळ्यात ट्रंकेत पडलेल्या कॅमेऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असते. वरची असेल तर निघते, काचेला चरली असेल तर तिच्यासकट फोटो काढायला शिका.

आता ग्रीस. खोबरेल नको, शिवणयंत्राचं तेल नको, व्हॅसलिन नको. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीसही नको. नवतपात बंद खोलीतली ट्रंकसुद्धा कशी तापते ते आपल्याला माहीत आहे. अशा उष्णतेत हलक्या ग्रीसमधलं तेल सुटतं, शटरच्या पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. फोकस मोकळा झाला आणि शटर मेलं, हा सौदा कोणाला हवाय? लेन्सच्या आट्यांसाठीचं घट्ट ग्रीस ऑनलाइन मिळतं, छोटी डबी जन्मभर पुरते. मात्रा : पुढच्या वाटीच्या आट्यांवर तीन ठिकाणी ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढं, बस्स. वाटी दोन-तीनदा आत-बाहेर केली की ते पसरतं. कडेला बाहेर आलेलं पुसून काढा.

मधली वाटी शटरमध्ये कोरडीच बसवा, ग्रीस न लावता. हातानं पूर्ण, घट्ट, जितके फेरे मोजले होते तितके. ती अर्ध्या आट्यानं जरी वर राहिली तरी पुढचं सगळं चुकणार. मग ओरखडे जुळवून पुढची वाटी आत घाला आणि पूर्ण आत फिरवा. रिंग अजून चढवायची नाही.

अनंत शोधणे

या कामाचं खरं मर्म इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच कंटाळा करतात. फिल्म जिथे असते तिथे दुधी काच ठेवून तिच्यावरचं चित्र बघायचं.

फोटो फ्रेमवाल्याकडून दोन मिलिमीटर जाडीच्या काचेचे दोन तुकडे कापून घ्या. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं की चौकटीच्या वर-खाली दोन-दोन पट्ट्या दिसतात : आतल्या पट्ट्यांवर फिल्म टेकते, बाहेरच्या किंचित उंच असतात. काचेची रुंदी बाहेरच्या पट्ट्यांमध्ये बसेल अशी हवी, म्हणजे ती आतल्या पट्ट्यांवर सपाट टेकेल. माप पट्टीनं घेऊन जा, अंदाजानं नको. काच दुधी करायला ट्रॅक्टर मेकॅनिककडची व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट चिमूटभर मागा, दोन तुकड्यांमध्ये थोडं पाणी घालून गोल-गोल पंधरा मिनिटं घासा. दोन दुधी काचा मिळतील, एक फुटली तर दुसरी आहे. घाई असेल तर साध्या काचेवर पांढरट, अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावूनही चालतं, पण तिचे कण मोठे दिसतात. दुधी बाजू लेन्सकडे, म्हणजे पट्ट्यांना टेकलेली. उलटी ठेवलीत तर काचेच्या जाडीएवढी चूक कायमची बसेल.

कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा धान्याच्या पोत्यावर पक्का ठेवा. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडं, एफ ४.५. शटर बी वर (दाबून धरलं तोवर ते उघडं राहतं), लॉक होणाऱ्या केबल रिलीजनं उघडं धरून ठेवा. समोर निदान अर्धा किलोमीटर लांबचं, ठळक रेषांचं काहीतरी हवं. तुरीच्या शेतांपलीकडचा हाय टेन्शन लाइनचा टॉवर याला उत्तम, आकाशावर त्याची कैची स्पष्ट उठते. अर्धा किलोमीटर म्हणजे खरा अनंत नव्हे, पण ८५ मिलिमीटरच्या लेन्सला दोन्हींतला फरक दीड शतांश मिलिमीटरइतकाच पडतो, तेवढा चालतो. शंभर मीटरवरचं कडुनिंबाचं झाड मात्र चालणार नाही.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. दहानंतर उन्हाळ्यात शेतावरची हवा अशी थरथरते की टॉवर पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो आणि तुम्ही फोकस नव्हे, मृगजळ जुळवत बसता. रात्रीही चालतं : लांबच्या मोबाईल टॉवरचा लाल दिवा काचेवर सगळ्यात बारीक ठिपका होईल तिथे थांबायचं. वीज गेली असेल तर आणखी छान.

डोक्यावर घोंगडी घ्या, डोळ्याला भिंग लावा. पुढची वाटी पूर्ण आत आहे, तिथून हळूहळू बाहेर फिरवत या. टॉवर उलटा दिसेल, घाबरू नका. एका जागी तो धारदार होईल, मग पुन्हा सैल पडेल. नेमकं ‘सगळ्यात धारदार’ कुठे ते डोळ्याला कळत नाही, पण ‘बिघडायला लागलं’ हे दोन्हीकडे कळतं. म्हणून आत बिघडतं तिथे एक पेन्सिलची खूण आणि बाहेर बिघडतं तिथे दुसरी. वाटी दोघींच्या बरोबर मधोमध ठेवा. निदान पाचदा करून बघा. खुणा रेघभर इकडेतिकडे होतील, हातभर झाल्या तर काच नीट टेकलेली नाही.

चित्राची एक बाजू धारदार आणि दुसरी सैल असेल तर दोष फोकसचा नाही. लेन्स आणि शटर ज्यावर बसतात तो पुढचा पाट वाकडा उभा राहतोय. भात्याखालच्या दांड्या पूर्ण लॉक झाल्या का ते आधी बघा.

आता रिंग. तिचा अनंताचा आकडा खुणेवर, आणि अटकाव लागेल तिथे. वाटी जराही न हलवता रिंग वरून सरळ उतरवा, पहिला स्क्रू टेकवा, दुसरा टेकवा, तिसरा, मग फेरीफेरीनं तिघंही घट्ट. स्क्रूंना जुने खड्डे ओढतात आणि रिंग जरा फिरते. मला बहुतेक वेळा तीन-चार प्रयत्न लागतात. रिंग घट्ट झाल्यावर पुन्हा टॉवर बघा. सैल दिसला तर पुन्हा स्क्रू सोडा.

ओळखीत लग्नाचे फोटो काढणारा कोणी असेल तर त्याच्या डीएसएलआरनं पडताळा घेता येतो. त्याची लांब लेन्स टॉवरवर ऑटोफोकस करून घ्या, मग मॅन्युअलवर टाका आणि तिला हात लावू नका. दुधी काचेच्या दुधी बाजूवर ब्लेडनं एक रेघ ओढा, मागून मोबाईलची टॉर्च धरा आणि आयसोलेटच्या समोर, लेन्सला लेन्स लावून डीएसएलआरमधून बघा. आयसोलेट अनंतावर असेल तर ती रेघ स्वच्छ दिसते. घरात बसून, घोंगडीशिवाय होणारं हे एकमेव काम.

जवळचं तपासणे

आकडे फुटांत की मीटरांत ते आधी बघा. सगळ्यात लहान आकडा १ असेल तर मीटर, ३ च्या आसपास असेल तर फूट. फुटांच्या रिंगवर मीटरचा टेप लावून मी एक अख्खी संध्याकाळ लेन्सला शिव्या दिल्या आहेत.

खाटेवर मोजपट्टी कॅमेऱ्यापासून दूर जाईल अशी तिरकी पसरा. अंतर फिल्मच्या पातळीपासून मोजायचं. रिंग एक मीटरवर ठेवा आणि दुधी काचेवर कोणता आकडा सगळ्यात स्वच्छ आहे ते बघा. मग तीन मीटर. अनंत बरोबर आणि जवळचं बरंच चुकलेलं, असं दिसलं तर मधली वाटी पूर्ण बसलेली नाही किंवा ती पातळ चकती टेबलावरच राहिली आहे. ते शोधा.

सगळं जमलं की एक रोल फक्त तपासणीसाठी. पूर्ण उघड्या अपर्चरलाच काढायचा, कारण एफ ११ ला तेरा मीटरवर फोकस ठेवला की साडेसहा मीटरपासून पुढचं सगळं तसंही चालून जातं आणि चूक लपते. पण १०० आयएसओचा रोल आपल्या उन्हात एफ ४.५ ला वापरायला हजारांशाच्याही वरचा वेग लागेल, आणि तो या शटरांत नाहीच. म्हणून सूर्य कलल्यावर, सावलीत. एक, दोन, पाच मीटर आणि टॉवर, प्रत्येकाच्या तीन फ्रेम, आणि फ्रेमचा नंबर व अंतर वहीत.

आजोबांच्या आयसोलेटचा तो रोल धुऊन आला तेव्हा टॉवरच्या कैचीतल्या बारीक पट्ट्या मोजता येत होत्या. एक मीटरच्या फ्रेममध्ये मोजपट्टीवरचा सगळ्यात स्वच्छ आकडा १०० ऐवजी १०२ होता. त्या अंतरावर उघड्या अपर्चरला स्पष्ट पट्टाच मुळी सहा सेंटिमीटरचा असतो. तेवढ्या दोन सेंटिमीटरसाठी रिंग परत उघडली नाही.